अहो, हलू नका

प्रगत वर्गाला बसायचं तर माणूस आपला आपण आणायचा, हे बाईंना प्रवेश मिळाल्यावर कळलं. आधी कळलं असतं तर त्यांनी निसर्गचित्राचा वर्ग घेतला असता. झाडाला विचारावं लागत नाही.

बाई पाणीपुरवठा खात्यात नकाशे काढायच्या. अख्ख्या शहराचे जमिनीखालचे नळ त्यांच्या हातून कागदावर उतरले होते आणि एकही कधी वाकडा उतरला नव्हता. निवृत्त झाल्यावर त्यांनी ठरवलं की सरळ रेघा पुष्कळ झाल्या, आता माणसं काढायची. पहिला वर्ग झाला, दुसरा झाला. डबे आणि बाटल्या काढून झाल्या, प्लास्टरचे नाक-कान काढून झाले. मग आला प्रगत वर्ग. व्यक्तिचित्रण आणि मानवाकृती, तेही जिवंत माणसावरून. 'जिवंत' हा शब्द सरांनी फळ्यावर लिहिला आणि त्याखाली इतक्या जोरात रेघ मारली की खडू तुटला.

पूर्वी या वर्गाला एक ठरलेलं म्हातारं मॉडेल होतं. ते लेकीकडे कायमचं राहायला गेलं. जागा भरायचं प्रकरण वर गेलं होतं, आणि वर गेलेली प्रकरणं खाली यायला किती वेळ घेतात हे बाईंना खात्यात राहून चांगलं ठाऊक होतं. तोवर सरांनी फर्मान काढलं, की प्रत्येकानं घरातलं एकेक माणूस आणावं. फोटो चालणार नाही. "फोटोवरून काढलेलं मला लगेच कळतं," सर म्हणाले, "फोटोतल्या माणसाला वजन नसतं." म्हणजे नक्की काय ते कुणालाच उमगलं नाही, पण सगळ्यांनी माना डोलावल्या.

बाईंच्या घरात माणूस एकच, नवरा. बाई त्यांना 'अहो' म्हणत. ते नाव इतकं पक्कं झालं होतं की शेजारीपाजारीसुद्धा "अहो आहेत का घरात?" असंच विचारत. तेव्हा आपणही त्यांना अहोच म्हणू.

अहोंना जगातल्या कुठल्याही कामाला लावलं असतं तर त्यांनी ते आनंदानं केलं असतं, गप्प बसणं तेवढं सोडून. नोकरीत असताना ते वीज कंपनीच्या तक्रार खिडकीवर बसत. लोक खिडकीवर भांडायला येत आणि हसत परत जात. वीज काही त्यामुळे लवकर येत नसे. अर्धं काम अहोंची जीभ करायची आणि अर्धं चेहरा. समोरचा माणूस "कालपासून अंधार आहे" म्हणाला की अहोंच्या भुवया अशा काही वर जात, गाल असे काही ओढले जात, की आपलं दुःख कुणाला तरी पोचलं या समाधानात तो माणूस घरी जाई आणि अंधारात शांत बसे.

असा हा चेहरा बाईंना कागदावर धरायचा होता.

"अहो, हलू नका."

"मी कुठे हललो?"

"बोलू पण नका."

"बोललो नाही. हललो नाही, एवढंच सांगितलं."

पहिल्या आठवड्यात, अहोंना वर्गात न्यायच्या आधी, बाईंनी घरीच जे काही काढलं त्यात नाक एका वेळचं होतं, हनुवटी दुसऱ्या वेळची, आणि दोन्ही भुवया एकमेकींना ओळखत नव्हत्या. सरांनी कागद हातभर लांब धरला, डोळे बारीक केले आणि म्हणाले, "बाई, ही गर्दी आहे. माझ्याकडे एक माणूस आणा." घरी येऊन बाईंनी हे अहोंना ऐकवलं. अहो इतके हसले की त्यांना खुर्चीवरून उठावं लागलं आणि त्या दिवसाचं बसणं तिथेच संपलं.

सरांची एक पद्धत होती. मॉडेल उठण्याआधी त्याच्या पावलांभोवती आणि खुर्चीच्या पायांभोवती खडूनं रेघ मारायची, म्हणजे पुढच्या खेपेला माणूस नेमका त्याच जागी बसवता येतो. बाईंना ही पद्धत फार आवडली, कारण तिच्यात मोजमाप होतं. त्यांनी घरच्या दिवाणखान्यातही अहोंची पावलं आखून ठेवली. दुसऱ्या दिवशी वरच्या मजल्यावरच्या काकू काही मागायला म्हणून आल्या. त्यांना फरशीवर दोन पावलांची पांढरी आकृती दिसली आणि आत माणूस दिसला नाही. काकू काही न मागताच परत गेल्या. संध्याकाळपर्यंत अहोंचं काहीतरी बरंवाईट झाल्याचं सगळ्या इमारतीला कळलं होतं.

विचारपूस करायला माणसं आली. दार अहोंनीच उघडलं. क्षणात त्यांच्या ध्यानात सगळा प्रकार आला, आणि दुसऱ्या कुणी खुलासा केला असता तिथे त्यांनी चेहरा पाडला, डोळे खाली केले आणि जड आवाजात म्हणाले, "आत या. बसा. फक्त त्या खुर्चीवर नको." इमारतीचे सेक्रेटरी तर "फार चांगला माणूस होता" इथपर्यंत बोलून गेले आणि मग आपण हे कुणाला सांगतोय ते त्यांच्या लक्षात आलं. हा अपमान ते कधी विसरले नाहीत.

पुढे सेक्रेटरींवर आणखी एक घाव बाईंच्याच हातून व्हायचा होता. लांब हात करून, पेन्सिल उभी धरून, एक डोळा मिटून चेहऱ्याचं माप घ्यायची सवय बाईंना आता अशी जडली होती की समोर येईल त्याला त्या मोजत. इमारतीला रंग कुठला द्यायचा यावर सभा भरली होती. सेक्रेटरी पोटतिडकीनं फिक्या पिवळ्याची बाजू मांडत होते आणि त्यांची हनुवटी नाकाच्या मानानं किती लांब आहे हे मोजल्याशिवाय बाईंना राहवेना. त्यांनी हात लांब केला. नेमकं तेव्हाच कुणीतरी "विरोधात कोण कोण?" असं विचारलं होतं. पिवळा रंग एका मतानं पडला. सेक्रेटरी जिन्यात बाईंशी बोलेनासे झाले, आणि इमारत अजूनही तशीच, पोपडे सुटलेली उभी आहे.

हे सगळं परवडलं, पण खरी अडचण खुर्चीची होती. वर्गात मॉडेलची खुर्ची होती, पण ती कोठीत कुलपात. कोठीवाले म्हणाले, मॉडेलचं पद रिकामं आहे. पद भरेपर्यंत त्याची खुर्ची बाहेर काढता येत नाही. मग विद्यार्थ्यांची द्या? ती विद्यार्थ्यांना. तुमचे मिस्टर विद्यार्थी आहेत का? नाहीत. मग ते उभे राहिले तरी आमची काही हरकत नाही.

तेव्हा दर बुधवारी घरची लाकडी खुर्ची बसमधून जाऊ लागली. पहिल्याच दिवशी बस भरलेली होती. अहोंनी मधल्या वाटेत खुर्ची ठेवली आणि तिच्यावर ऐसपैस बसले. कंडक्टर आला. त्यानं अहोंकडे पाहिलं, खुर्चीकडे पाहिलं.

"उठा. इथे बसायचं नाही."

"मी बसलोय कुठे? तुमच्या हिशेबात मी उभाच आहे. बसायच्या जागा भरल्यात ना सगळ्या?"

कंडक्टरनं पुष्कळ विचार केला. त्याच्या नियमांत बसलेला प्रवासी होता आणि उभा प्रवासी होता, पण स्वतःच्या खुर्चीवर बसून उभा असलेला प्रवासी नव्हता. अहोंनी त्याच्याकडे अशा काही सहानुभूतीनं बघितलं की शेवटी कंडक्टरच हसला, सगळी बस हसली. बाई मात्र खिडकीबाहेर बघत राहिल्या. एवढी वर्षं सरकारी खात्यात मान खाली न घालता काढली आणि आता हे, असं त्यांना वाटत होतं. तरी पण त्यांनाही आतून हसू येत होतं, हे सांगायला हवं.

मग हळूहळू अहो सुधारले.

म्हणजे बाईंना तसंच वाटलं. त्यांनी कसून मेहनत घेतली होती. पाठीला उशी दिली, बघायला भिंतीवर एक ठिपका दिला, "हलू नका, हलू नका" हा जप चालू ठेवला. पावसाळा सरता सरता तिचं फळ दिसू लागलं. अहो बसले की बसत. खडूच्या रेघेत पावलं ठेवत आणि मध्यंतरापर्यंत ती तिथेच असत. वर्गातल्या एका मुलीनं कौतुकानं सांगितलं, "काका पापणीसुद्धा लववत नाहीत! डोळे काढायला किती सोपं जातं." इतरांनी आणलेली माणसं म्हणजे एकेक नग होता. एकीची सासू डुलक्या घेताना चित्राबाहेर कलंडायची. एकाचा भाऊ फोनवर कुणाशी तरी सतत भांडायचा. सरांनी सगळ्यांना अहोंभोवती बसवलं आणि म्हणाले, "मॉडेल असावं तर असं."

बाईंना त्या दिवशी फार बरं वाटलं. मुलं विचारायला लागली, तुम्ही त्यांना हे कसं शिकवलंत? बाईंनी एक छोटंसं भाषणच दिलं. चिकाटी हवी, म्हणाल्या. पहिल्यांदा माणूस ऐकत नाही.

त्यांची चित्रंही सुधारली. नाक, डोळे, हनुवटी आता एकाच माणसाची होती. सर कागद लांब धरून बघत आणि काही न बोलता पुढे जात, आणि त्या वर्गात न बोलणं हीच शाबासकी होती. बाई माप घेत, पुन्हा घेत, आणि काय आश्चर्य, दोन्ही वेळा ते तेच येई.

घरी मात्र कुठेतरी बिनसलं होतं. अहो बसमध्ये कंडक्टरशी बोलेनासे झाले. त्यांचा आवाज इतका खाली गेला की बाईंना सारखं "काय?" म्हणावं लागे, आणि काय म्हटलं की ते पुन्हा तितक्याच हळू सांगत. शर्टाची बटणं लावायला त्यांना एवढा वेळ लागे की बाई चप्पल घालून दारात उभ्या राहून उसासे टाकत. दूध करपून घरभर वास सुटला तरी शेजारच्या खोलीत बसलेल्या अहोंना पत्ता नसे. आणि हसणं बंद. बाईंनी काही गमतीचं सांगितलं की ते त्यांच्याकडे बघत राहत, ठिपक्याकडे बघावं तसं.

बाईंना वाटलं, रुसलेत. इतके महिने खुर्चीला खिळवून ठेवल्याचा राग धरलाय.

वरच्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, "अगं, नशीबवान आहेस. आमचे निवृत्त झाल्यापासून तोंड मिटत नाहीत." तळमजल्यावरच्या वहिनींचं मत पडलं की पुरुषांना आपल्यापेक्षा बायकोचं कौतुक झालेलं सोसत नाही, आतल्या आत धुमसतात. सेक्रेटरींनी मध्यस्थामार्फत कळवलं की माणसाला आपल्या कृत्यांचा पश्चात्ताप उशिरा का होईना होतोच. प्रत्येकाचं म्हणणं बाईंना थोडं थोडं पटलं.

एके दिवशी सरांनी बाईंचं चित्र वर्गाबाहेरच्या भिंतीवर लावलं. त्या भिंतीवर चित्र लागणं ही साधी गोष्ट नव्हती. बाई जवळजवळ पळतच घरी आल्या. अहो खिडकीशी बसले होते.

"भिंतीवर लागलं! अहो, तुम्ही लागलात भिंतीवर!"

"छान झालं," अहो म्हणाले. चेहऱ्यावरची रेघ हलली नाही.

बाई थांबल्या. हातातली पिशवी त्यांनी टेबलावर ठेवली आणि मग त्यांच्या तोंडून एकदम सगळं बाहेर पडलं. "छान झालं? एवढंच? तोंडावर जरा आनंद दाखवला तर काही बिघडतं का हो? परक्या माणसांना खिडकीवर हसवायचात, आणि माझ्या वाट्याला हे? मी काय केलंय तुमचं?"

अहो काहीतरी म्हणाले. ते इतकं हळू होतं की ऐकू आलं नाही, आणि बाईंनी "काय?" असं विचारलं नाही. त्या आत निघून गेल्या. त्या दिवशी त्या खूप रडल्या, आणि कौतुकाच्या दिवशी आपल्याला रडावं लागलं याचा त्यांना आणखी राग आला.

बऱ्याच महिन्यांनी लेक माहेरी आली. खुर्ची आणि कंडक्टर, पिवळा रंग, हे सगळं तिला फोनवर कळलेलं होतं, ती ते पुन्हा पुन्हा काढून हसत होती. बाबांना कोपरखळ्या मारत होती. मग तिचं हसणं कमी कमी होत गेलं.

स्वयंपाकघरात येऊन तिनं हळूच विचारलं, "आई, बाबा चिडलेत का माझ्यावर?"

"तुझ्यावर कशाला? माझ्यावर चिडलेत. चालायचंच."

अहो उठून आतल्या खोलीकडे निघाले. लेक दारातून बघत राहिली.

"आई, त्यांचा उजवा हात बघ. चालताना नुसता लोंबतोय. डावा हलतोय, उजवा हलतच नाही."

"हातांचं मला नाही बाई सांगता येणार," बाई म्हणाल्या. "हात पुढच्या सत्रात आहेत."

हे वाक्य पुढे बाईंना फार दिवस छळत राहिलं.

डॉक्टरांनी अहोंना बोटं आपटायला सांगितली, मुठी उघडमीट करायला सांगितल्या, दारापर्यंत चालत जाऊन वळायला सांगितलं. वळताना अहोंनी लहान लहान पावलं टाकली. कागदावर काही लिहीत डॉक्टरांनी विचारलं, "चेहरा असा कधीपासून आहे?"

"असा म्हणजे स्थिर ना?" बाईंना या प्रश्नाचं उत्तर चांगलं ठाऊक होतं. "वर्ष होत आलं. आधी फार हलायचे हो, एक रेघ धड काढू द्यायचे नाहीत. मी सवय लावली त्यांना."

डॉक्टरांनी लिहिणं थांबवलं. लेक खाली बघू लागली. बाईंना कळलं की आपण काहीतरी भयंकर बोललो, पण काय ते अजून कळलं नव्हतं.

मग डॉक्टरांनी समजावून सांगितलं. कंपवात. बाई म्हणाल्या, पण यांचे हात तर कापत नाहीत. सगळ्यांचेच कापत नाहीत, डॉक्टर म्हणाले. काहींच्या अंगाची हालचाल कमी कमी होत जाते. आवाज उतरतो, वास कळेनासा होतो, चेहरा हलेनासा होतो. आत सगळं असतं, म्हणाले. बाहेर यायला वाट राहत नाही. गोळ्यांनी बराच फरक पडेल, पूर्ण बरं होणार नाही.

"बसवून बसवून झालं का हो?" बाईंनी विचारलं. "मी सारखी म्हणायचे हलू नका."

"नाही, नाही. त्याचा काही संबंध नाही."

बाईंचा विश्वास बसला नाही. अजूनही पुरता बसलेला नाही.

गोळ्या सुरू झाल्या. बटणं लवकर लागू लागली, पावलं थोडी मोठी पडू लागली. चेहरा तेवढा आला नाही. डॉक्टरांनी आरशासमोर बसून करायचे व्यायाम दिले होते. भुवया उंचवा. गाल फुगवा. ओठ ताणा. दोघं आरशासमोर बसत आणि बाई आधी करून दाखवत. शरीररचनेच्या तासाला बाईंनी चेहऱ्याखालचे सगळे स्नायू पाठ केले होते. ओठाचा कोपरा वर ओढणारा कुठून निघतो, डोळ्याभोवतीचा कसा फिरतो, कपाळावर आठी कोण पाडतं, हे त्या डोळे मिटून काढू शकत. कागदावर ते सगळे त्यांच्या ओळखीचे होते आणि इथे एकही हाकेला ओ देत नव्हता. आरशात एक बाई वेड्यासारखी तोंडं करताना दिसे आणि शेजारी एक गंभीर गृहस्थ तिच्याकडे बघत असे.

बाईंनी ठरवलं, वर्ग सोडायचा. शेवटच्या परीक्षेला तैलरंगात एक पूर्ण व्यक्तिचित्र द्यायचं होतं, आणि हा चेहरा आता रंगवायचा नाही असं त्यांनी मनाशी पक्कं केलं.

"का?" अहोंनी विचारलं.

"पुरे झालं. मला नाही आवडत आता."

त्या खालच्या आवाजात अहो म्हणाले, "मी बसतो की. सध्या तेवढंच मला सगळ्यांपेक्षा चांगलं जमतं."

बाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. यावर हसायचं की रडायचं ते समोरच्या चेहऱ्यावरून कळण्यासारखं नव्हतं. पण त्या पुन्हा बुधवारी गेल्या. खुर्ची आता लेकीनं गाडीतून पोचवली, आणि जायच्या आधी कोठीवाल्यांशी ती काय बोलली कोण जाणे, पण पुढच्या बुधवारपासून कोठीतली खुर्ची मिळाली. पद अजून रिकामंच होतं.

परीक्षेचं चित्र पूर्ण होईपर्यंत मॉडेलनं ते बघायचं नाही, हा सरांचा आणखी एक नियम. अहोंनी तो निमूटपणे पाळला. बाई मन लावून रंगवत होत्या, त्याला दुसरा इलाज नव्हता. इतक्या दिवसांत काय काय आपल्याला दिसलं नाही याची शिक्षा म्हणून की काय, आता त्या एक केसही सोडत नव्हत्या. न लवणाऱ्या पापण्या, ताणलेल्या कातडीवरचा तो मेणचट प्रकाश, किंचित उघडे राहिलेले ओठ. जे दिसेल ते, जसंच्या तसं. शेवटच्या बुधवारी सर मागे येऊन उभे राहिले आणि या वेळी बोलले.

"बाई, यात चूक नाही," सर म्हणाले. "कुठेच नाही."

सरांनी असं कुणाला म्हटल्याचं वर्गातल्या कुणालाच आठवत नव्हतं. बाईंना काहीच वाटलं नाही. त्यांनी ब्रश धुतले, रंग ओला आहे म्हणून चित्र जपून उचललं आणि घरी आणलं. दोन दिवसांनी ते परीक्षेला द्यायचं होतं.

दुसऱ्या दिवशी दिवाणखान्यात खिडकीशी चित्र टेकवून त्यांनी अहोंना बोलावलं. अहो आले. चित्रासमोर उभे राहिले. वरच्या मजल्यावर कुणीतरी टेबल सरकवत होतं. अहो बघत होते आणि बाई अहोंकडे बघत होत्या, आणि दोन्हीकडे एकच चेहरा होता.

"हा कधीचा मी?" अहोंनी विचारलं.

"आत्ताचा. कालच्या बुधवारी संपवला ना."

"बुधवारचा नाही हा."

"अहो, बुधवारचाच. तोंड तर सगळं बुधवारीच केलं."

अहोंनी मान हळूहळू हलवली, नाही अशी. "बुधवारी मी हसत होतो."

बाईंना नीट ऐकू आलं होतं, तरी त्या म्हणाल्या, "काय?"

"हसत होतो मी. सगळा वेळ." एकेक शब्द मोजून आणल्यासारखा येत होता. "अगं, तू रंगवताना जीभ बाहेर काढतेस. या कोपऱ्यातून. आणि भुवई काढायची असली की तुझीच भुवई वर जाते. माझी हनुवटी काढताना तू हनुवटी पुढे काढून बसली होतीस, तो सेक्रेटरी बसतो तशी. मला पोट दुखेपर्यंत हसू येत होतं. म्हटलं, आता चित्र बिघडणार, आता ही ओरडणार हलू नका म्हणून. तू ओरडलीच नाहीस."

बाई खाली बसल्या, खुर्ची नव्हती तिथेच, जमिनीवर. भिंतीवर चित्र लागलं त्या दिवशी अहो खिडकीशी बसून काय म्हणाले असतील ते त्यांना आता ऐकू यायला लागलं, आणि गेल्या वर्षभरात त्या दगडासारख्या चेहऱ्यासमोर आपण किती वेळा पाठ फिरवली तेही. इतकी मापं घेतली होती. एकही चुकलं नव्हतं.

"मला नाही हो दिसलं," त्या म्हणाल्या. "मी बघत होते. देवाशपथ बघत होते."

"बघून नाही दिसत आता ते," अहो म्हणाले. "विचारायचं."

ते वळले. लहान लहान पावलं टाकत लाकडी खुर्चीपाशी गेले, तिच्यावर बसले आणि हात मांडीवर ठेवले. बसायची एवढी सवय झाली होती. बाईंनी डोळे पुसले. पिशवीतून ब्रश काढला, रंगाची नळी काढली, आणि ओल्या चित्रापुढे उभ्या राहिल्या. समोर तोच चेहरा होता, तसाच, आणि कुठे काय बदलायचं हे त्या चेहऱ्याकडे बघून कितीही वेळ उभं राहिलं तरी कळणार नव्हतं.

"अहो," बाईंनी विचारलं, "हसताय का?"

"कधीचा," अहो म्हणाले.